पाठीवरील जलपिशवी

पाठीवरील जलपिशवी : डोंगर चढणाऱ्या, रानातून चालणाऱ्या वा पायवाटेने धावणाऱ्या व्यक्तीस हात मोकळे ठेवून व न थांबता पाणी पिता यावे, यासाठी पाठीवर बांधावयाच्या हलक्या पिशवीस ही संज्ञा लावतात. बाजारात ती हायड्रेशन पॅक या नावाने ओळखली जाते. पाणी साठविणारी लवचिक आतली पिशवी, तीतून खांद्यावरून तोंडापर्यंत येणारी नळी व या दोहोंना धारण करणारे पट्टेदार कापडी आवरण, असे तिचे तीन मुख्य भाग होत. पिशवीची निवड करताना तिचे वजन, धारणशक्ती, अंगावरील बसणी व स्वच्छतेची सोय हे चार मुद्दे महत्त्वाचे असतात. परंतु त्यांपूर्वी कोणत्या हवेत, किती वेळ व कोणत्या वाटेने जावयाचे आहे, हे निश्चित करावे लागते. वर्धा जिल्ह्यासारख्या उष्ण व कोरड्या प्रदेशात हा प्रश्न केवळ सोयीचा नसून जीविताशी निगडित आहे.

भौगोलिक पार्श्वभूमी : वर्धा जिल्ह्याचा बराचसा भाग सपाट काळ्या जमिनीचा असला, तरी त्याच्या उत्तर भागात, आर्वी, आष्टी, कारंजा व सेलू या तालुक्यांत सातपुड्याच्या फाट्यांच्या टेकड्या पसरलेल्या आहेत. बोर नदीच्या परिसरातील जंगल १९७० मध्ये अभयारण्य व २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प म्हणून घोषित झाले. दक्षिणेकडे समुद्रपूर तालुक्यात गिरडची टेकडी असून तीवरील शेख फरीद यांच्या दर्ग्यास दूरदूरचे भाविक येतात. येथील वने शुष्क पानझडी असून त्यांत साग, ऐन, तेंदू, मोह, पळस, बांबू यांबरोबर बोर, बाभूळ यांसारखी काटेरी झाडेझुडपेही आहेत. उन्हाळ्यात पानगळ झाल्यावर या वनांत सावली फारच थोडी उरते. मे महिन्यातील कमाल तापमान ४२° ते ४३° से. च्या आसपास असते व उष्णतेच्या लाटेत ते ४६° से. च्याही वर जाते. टेकड्यांमधील लहान ओढे व नाले पावसाळ्यानंतर काही महिन्यांतच आटू लागतात. नकाशावर नाला दिसतो म्हणून तेथे पाणी मिळेलच, असे धरून चालणे त्यामुळे धोक्याचे ठरते.

पायी चालण्याची या जिल्ह्याची परंपरा मोठी आहे. महात्मा गांधी ३० एप्रिल १९३६ रोजी वर्ध्याहून सेगाव (पुढे सेवाग्राम) येथे राहावयास गेले, ते पहाटे पायीच. आचार्य विनोबा भावे मार्च १९५१ मध्ये हैदराबादजवळील शिवरामपल्ली येथील सर्वोदय संमेलनास येथूनच पायी निघाले आणि त्याच यात्रेत पोचमपल्ली येथे भूदान चळवळीचा उगम झाला. विनोबांच्या पदयात्रेचा दिवसाचा टप्पा सूर्योदयापूर्वीच सुरू होई. ऊन चढण्यापूर्वी चाल संपविणे, हा या प्रदेशातील जुना शहाणपणा असून पाण्याचे ओझे कमी करण्याचा तोच सर्वांत स्वस्त उपाय आहे.

पूर्वेतिहास : प्रवासात पाणी बाळगण्याची साधने प्राचीन काळापासून दोन गरजांमधून घडत आली : भांडे फुटू नये व ओझे होऊ नये. वाळलेल्या दुधी भोपळ्याचा तुंबा हे त्यांपैकी सर्वांत हलके साधन होय. विदर्भातील गोंड व इतर आदिवासी तो रानात व शेतावर नेत आले आहेत. तुंबा वजनाने नगण्य असून त्यातील पाणी गार राहते. मात्र आपटल्यास तो तडकतो. मातीची सुरई पाणी उत्तम गार करते, पण ती जड व ठिसूळ असते. घट्ट झाकणाचा फिरकीचा तांब्या प्रवासात पाणी सांडू देत नसे. परंतु पितळेचे वजन व उन्हात धातू तापणे हे त्याचे दोष होते.

चामड्याची साधने अधिक मजबूत होती. बाभळीची साल, हिरडा इत्यादींनी कमावलेल्या चामड्यापासून पखाल, मसक व बुधली तयार करीत. पखाल ही मोठी दुहेरी पिशवी रेड्याच्या वा बैलाच्या पाठीवर टाकीत, तर शेळीच्या अखंड कातड्याची मसक भिस्ती आपल्या पाठीवर वा कमरेशी वाही. पाठीवरील जलपिशवीची मसक ही एका अर्थी पूर्वज होय : लवचिक पिशवी, शरीरालगत राहणारे ओझे आणि दाबून बंद करता येणारे तोंड ही तिन्ही लक्षणे तीत होती. पाणी कमी होत जाई तसतशी मसक आकसे व म्हणून आतले पाणी फारसे हिंदकळत नसे. हा गुण आजच्या पिशवीतही प्रयत्नपूर्वक साधावा लागतो.

विसाव्या शतकात जाड सुती कापडाची छागल प्रचारात आली. पाण्यात भिजताच तिच्या कापडातील धागे फुगतात व वीण घट्ट होते. तरीही थोडे पाणी पृष्ठभागावर पाझरत राहते आणि त्याच्या बाष्पीभवनाने आतील पाणी गार होते. १ ग्रॅम पाण्याचे बाष्पीभवन होण्यास सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. म्हणून १ लिटर पाण्यातील केवळ २० ग्रॅम पाणी उडून गेले व लागणारी सर्व उष्णता उरलेल्या पाण्यातूनच घेतली गेली, तर त्याचे तापमान सुमारे १२° से. ने उतरू शकेल. प्रत्यक्षात बाहेरील गरम हवेतूनही उष्णता येत असल्याने घट याहून कमी असते. वैशाखातील कोरड्या हवेत छागल उत्तम काम देते, तर पावसाळ्यातील दमट हवेत तिचा गारवा जवळजवळ नाहीसा होतो. सैनिकांच्या पाणबाटलीवरील फेल्टचे आवरण भिजविण्यामागेही हेच तत्त्व होते.

आधुनिक जलपिशवीचा आरंभ सायकल शर्यतीतून झाला. अमेरिकेच्या टेक्सस राज्यातील विचिटा फॉल्स येथे ऑगस्टच्या कडक उन्हात शंभर मैलांची सायकल शर्यत भरते. १९८९ च्या सुमारास तीत भाग घेणारे मायकेल आयडसन हे आणीबाणीच्या वैद्यकीय सेवेत काम करीत. त्यांनी शिरेतून द्रव देण्यासाठी वापरली जाणारी प्लॅस्टिकची पिशवी पाण्याने भरून एका लांब पायमोज्यात घातली, तो मोजा अंगरख्याच्या पाठीस अडकविला आणि नळी खांद्यावरून पुढे आणली. या कल्पनेतून कॅमलबॅक ही उत्पादनसंस्था उभी राहिली. पुढे गिर्यारोहक, सैनिक व दीर्घ पल्ल्याचे धावपटू यांच्यात या पिशव्यांचा प्रसार झाला. महाराष्ट्रात सह्याद्रीतील गडकोटांच्या भटकंतीबरोबर त्या रूढ झाल्या. पुणे जिल्ह्यात सिंहगड, राजगड व तोरणा यांना जोडणाऱ्या डोंगरवाटेवरील धावशर्यतीत त्या नित्य दिसतात.

पाण्याची गरज : पिशवी किती मोठी असावी, हे घामाच्या प्रमाणावरून ठरते. धावताना शरीरात खर्च होणाऱ्या ऊर्जेचा सुमारे चार पंचमांश भाग उष्णतेच्या रूपाने बाहेर पडतो. ६० किग्रॅ. वजनाची व्यक्ती ताशी १० किमी. वेगाने धावल्यास तासाला सुमारे ६०० किलोकॅलरी खर्च होतात व त्यांपैकी सुमारे ४८० किलोकॅलरी उष्णता शरीरातून काढून टाकावी लागते. हवेचे तापमान त्वचेच्या तापमानाहून, म्हणजे सुमारे ३५° से. हून अधिक असेल, तर हवा शरीराची उष्णता घेत नाही, उलट त्यास उष्णता देते. अशा वेळी घामाचे बाष्पीभवन हाच शरीर थंड ठेवण्याचा एकमेव नैसर्गिक मार्ग उरतो. वरील उदाहरणातील उष्णता काढून टाकण्यास तासाला सुमारे ०·८ लिटर घाम उडून जावा लागतो. गळून पडणाऱ्या घामाचा उपयोग होत नसल्याने प्रत्यक्षात याहून अधिक घाम येतो. व्यायामाच्या वेळी घामाचे प्रमाण व्यक्तीप्रमाणे व हवेप्रमाणे साधारणतः तासाला अर्धा ते दोन लिटर असते.

प्रत्येकाने आपले प्रमाण स्वतः मोजणे उत्तम. नेहमीच्या वेगाने एक तास चालण्यापूर्वी वा धावण्यापूर्वी कमीत कमी कपड्यांत वजन करावे व नंतर अंग पुसून पुन्हा करावे. वजनातील घट व त्या तासात प्यालेले पाणी यांची बेरीज म्हणजे घामाचे प्रमाण होय. उदा., आधीचे वजन ६०·० किग्रॅ., नंतरचे ५९·३ किग्रॅ. व प्यालेले पाणी ०·५ लिटर असेल, तर घाम सुमारे १·२ लिटर आला असे समजावे. हिवाळ्यात काढलेला आकडा उन्हाळ्यात उपयोगी पडत नाही, म्हणून ऋतुमानाप्रमाणे मोजणी पुन्हा करावी लागते.

गेलेला सर्व घाम त्याच वेळी भरून काढण्याची आवश्यकता नसते. शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्क्यांहून अधिक घट होऊ लागली, की कार्यक्षमता उतरते व हृदयाचे ठोके वाढतात. ६० किग्रॅ. वजनाच्या व्यक्तीच्या बाबतीत ही मर्यादा १·२ लिटर येते. याउलट घामाहून अधिक पाणी पिणेही घातक असते. त्यामुळे रक्तातील सोडियमाचे प्रमाण घटून मळमळ, डोकेदुखी, भ्रम व क्वचित मृत्यूही ओढवतो. २००२ सालच्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावकांपैकी १३ टक्के धावकांच्या रक्तात सोडियम कमी आढळले. शर्यतीत ज्यांचे वजन वाढले होते, त्यांच्यात हा दोष विशेष होता. सारांश, तोंडाशी नळी आहे म्हणून सतत चोखत राहणे योग्य नव्हे. तहान लागताच दोनचार घोट घ्यावेत आणि दीर्घ पल्ल्यात क्षारांचीही भरपाई करावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार तयार केलेल्या जलसंजीवनीत १ लिटर पाण्यास २·६ ग्रॅ. मीठ, १३·५ ग्रॅ. ग्लुकोज, १·५ ग्रॅ. पोटॅशियम क्लोराइड व २·९ ग्रॅ. ट्रायसोडियम सायट्रेट असते. तिची पुडी वजनास नगण्य असल्याने ती जवळ असावी. मात्र ती पुडीवर दिलेल्या मापाच्या पाण्यातच विरघळवावी लागते.

रचना : पाण्याची आतली पिशवी बहुधा पॉलियुरेथेन वा पॉलिएथिलीन या प्लॅस्टिकची असते. पहिल्या प्रकारची पिशवी मऊ व चिवट असून घड्या घातल्या तरी सहसा चिरत नाही. धारणशक्ती साधारणतः १, १·५, २ व ३ लिटर अशी असते. भरण्याच्या तोंडाचे दोन प्रकार आहेत. आट्यांच्या झाकणाची पिशवी एका हाताने भरता येते, पण आतून धुण्यास अवघड जाते. वरची संपूर्ण कड दुमडून सरकपट्टीने बंद होणाऱ्या पिशवीत हात जातो व ती उलटी करून वाळविता येते. ज्या प्रदेशात हातपंपावर पाणी भरावे लागते, तेथे हे रुंद तोंड अधिक सोयीचे पडते.

नळीच्या टोकाशी सिलिकोनची, दातांनी दाबली असता उघडणारी झडप असते. तिच्या जोडीस हाताने फिरवावयाची बंद-कळ असल्यास पिशवी खाली ठेवताना पाणी गळत नाही. नळी पिशवीच्या तळाशी जोडलेली असावी, म्हणजे शेवटचा घोटही मिळतो. जोडणीपाशी नळी निघताच पाणी आपोआप बंद करणारी झडप असल्यास पिशवी भरताना नळी पट्ट्यातून ओढून काढावी लागत नाही.

बाहेरील आवरण नायलॉनचे वा पॉलिएस्टरचे असते. धाग्याची जाडी डेनियर या मापात सांगतात. ४० ते १०० डेनियरचे कापड अतिशय हलके, तर २१० डेनियर व त्यापुढील कापड अधिक टिकाऊ असते. ठराविक अंतरावर जाड धागा विणलेल्या कापडात पडलेली चीर पसरत नाही. सह्याद्रीच्या उघड्या कातळावर पातळ कापड चालून जाते. वर्धा जिल्ह्यातील बोरी-बाभळींच्या जाळ्यांतून जाताना मात्र ते लवकर फाटते. तेथे निदान आतल्या पिशवीसमोरील भाग तरी जाड कापडाचा असावा. काट्याने आतली पिशवी फुटली, तर सर्व पाणी एकदम जाते. बाटल्यांत विभागलेल्या पाण्याच्या बाबतीत असे होत नाही.

प्रकार : चालणाऱ्याची पिशवी व धावणाऱ्याची पिशवी यांत महत्त्वाचा भेद आहे. चालणाऱ्यासाठी असलेल्या हलक्या पिशवीचे रिकामे वजन साधारणतः ३०० ते ६०० ग्रॅ. असते. तीत २ ते ३ लिटर पाण्याखेरीज शिदोरी, टोपी, विजेरी व औषधे मावतात आणि काही भार कमरपट्ट्यावर घेता येतो. धावणाऱ्यासाठी बंडीसारखा प्रकार असतो. तो छातीभोवती घट्ट बसतो, त्याचे रिकामे वजन बहुधा १५० ते ३०० ग्रॅ. असते आणि भार पाठ व छाती यांत वाटला जातो. त्यात छातीवरील खिशांत प्रत्येकी अर्ध्या लिटरच्या दोन मऊ बाटल्या ठेवतात. पाणी संपत जाते तशा त्या आकसतात व म्हणून हिंदकळत नाहीत. त्यांचा आणखी एक लाभ म्हणजे उरलेले पाणी डोळ्यांना दिसते. पाठीवरील पिशवीत किती पाणी शिल्लक आहे हे कळत नाही व नळीतून हवा येऊ लागली म्हणजेच ते संपल्याचे ध्यानात येते. निर्जन रानात हे ज्ञान फार उशिरा होते. यास्तव पाण्याचा पाचवा हिस्सा वेगळ्या बाटलीत राखून ठेवण्याची सवय लावावी.

निवड : (१) धारणशक्ती : पाणी भरण्याच्या दोन ठिकाणांमधील वेळ व आपल्या गरजेचे ताशी प्रमाण यांचा गुणाकार करून त्यात अर्धा लिटर राखीव मिळवावा. हिवाळ्यातील सकाळी उत्तर वर्ध्याच्या टेकड्यांत चार तास चालावयाचे असल्यास ताशी अर्धा लिटरप्रमाणे २ लिटर व राखीव मिळून २·५ लिटर पाणी पुरते. त्यात पिशवीचे ०·४ किग्रॅ. व इतर सामानाचे ०·६ किग्रॅ. मिळविल्यास ओझे ३·५ किग्रॅ. होते. ६० किग्रॅ. वजनाच्या व्यक्तीस ते शरीराच्या वजनाच्या सहा टक्क्यांहून कमी पडते. धावणाऱ्याने एकूण ओझे दहा टक्क्यांच्या आत ठेवावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. तीच चाल मे महिन्यात दुपारी केल्यास ताशी एक लिटरप्रमाणे ४ लिटर व राखीव लागेल, म्हणजे केवळ पाण्याचेच वजन ४·५ किग्रॅ. होईल. वाढलेल्या ओझ्याने श्रम वाढतात, श्रमाने घाम वाढतो व पुन्हा अधिक पाणी लागते. या चक्रातून मोठी पिशवी सोडवू शकत नाही. वेळ बदलणे, अंतर कमी करणे वा गावातील हातपंपापाशी पुन्हा पाणी भरता येईल अशी वाट निवडणे, हेच त्यावरील उपाय होत.

(२) वजन : रिकाम्या पिशव्यांची तुलना करताना आतली पिशवी व नळी यांसह वजन धरावे. पुष्कळदा केवळ आवरणाचेच वजन सांगितलेले असते. दोन पिशव्यांतील २०० ग्रॅ. चा फरक म्हणजे एका पेल्याएवढे पाणी होय. म्हणून अतिशय हलकी पण गळकी वा सतत घासणारी पिशवी घेण्यापेक्षा थोडी जड पण नीट बसणारी पिशवी घेऊन गरजेपुरतेच पाणी भरणे हिताचे असते. अनावश्यक खिसे व पट्टे हेही वजनच होय. मोठा खिसा दिसला की तो भरण्याची प्रवृत्ती होते, हेही लक्षात घ्यावे.

(३) बसणी : चालण्याच्या पिशवीसाठी मान पुढे वाकविली असता तिच्या तळाशी हातास लागणाऱ्या उंचवट्यापासून कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेच्या पातळीपर्यंत पाठीची लांबी मोजतात. बंडीच्या प्रकारात छातीचा घेर महत्त्वाचा असतो. पिशवी रिकामी घालून पाहणे निरर्थक होय. ती पाण्याने भरून, पट्टे आवळून, जागच्या जागी उड्या मारून व दोन्ही हात वर करून पाहावी. ओझे पाठीच्या वरच्या भागात व शरीरालगत राहिले पाहिजे. ते खाली लोंबत असल्यास प्रत्येक पावलास कमरेवर आघात होतो. छातीवरील पट्टे वरखाली सरकणारे असावेत व दीर्घ श्वास घेताना ते अडू नयेत. काखेशी वा मानेशी कड घासत असेल, तर घामातील मिठाने तेथे तासाभरात त्वचा सोलवटते.

(४) उष्णता : प्लॅस्टिकची पिशवी पाझरत नसल्याने छागलीप्रमाणे पाणी गार करीत नाही. उलट पाठीची उष्णता पाण्यात जाते व पाठीचा मोठा भाग झाकला गेल्याने तेथील घामही उडत नाही. म्हणून पाठीकडील बाजूस जाळीदार, हवा खेळेल असे अस्तर असावे व उन्हाळ्यासाठी रंग फिका निवडावा. उन्हात सर्वांत आधी तापते ते नळीतील पाणी. घोट घेतल्यावर हवा फुंकून नळीतील पाणी परत पिशवीत ढकलल्यास पुढचा घोट गरम लागत नाही. आतली पिशवी ओल्या सुती फडक्यात गुंडाळल्यास कोरड्या हवेत छागलीचा गुण काही अंशी परत मिळतो.

(५) हिंदकळणे : पिशवीत हवा राहिल्यास प्रत्येक पावलास पाणी उसळते, तोल बिघडतो व आवाज येतो. पिशवी भरून बंद केल्यावर ती उलटी धरावी व नळीतून आतील हवा ओढून घ्यावी. बाहेरील लवचिक दोऱ्या पाणी कमी होईल तसतशा आवळाव्यात.

(६) गळती : विकत घेण्यापूर्वी वा निदान पहिल्या वापरापूर्वी पिशवी पूर्ण भरून, कोरड्या कागदावर आडवी ठेवून तीवर तळहाताने काही मिनिटे दाब द्यावा. जोड, झाकण व झडप यांपाशी कागद ओला झाल्यास पिशवी स्वीकारू नये.

निगा : ओलसर नळीत बुरशी व जीवाणू लवकर वाढतात. प्रत्येक वापरानंतर पिशवी व नळी कोमट पाण्याने धुवावी. वास येत असल्यास पाण्यात खाण्याचा सोडा विरघळवून ते पाणी काही वेळ आत ठेवावे आणि नळीतून लांब दांड्याचा बारीक कुंचला फिरवावा. झडप सोडवून स्वतंत्र धुवावी. पिशवीचे तोंड उघडे राहील अशा रीतीने ती सावलीत टांगून वाळवावी. उकळते पाणी पिशवीत ओतू नये. साखर वा क्षार घातलेले पेय शक्यतो बाटलीत ठेवावे व पिशवीत साधे पाणीच भरावे, म्हणजे स्वच्छतेचे काम निम्म्याने कमी होते.

सुरक्षितता : जलपिशवी उन्हात जाण्याचा परवाना नव्हे. शरीराचे तापमान ४०° से. च्या वर जाऊन बोलण्यात असंबद्धता, तोल जाणे वा बेशुद्धी दिसू लागल्यास तो उष्माघात समजावा. घाम येत असला, तरी उष्माघात असू शकतो. अशा व्यक्तीस ताबडतोब सावलीत आणून, कपडे सैल करून, पिशवीतील पाणी तिच्या अंगावर शिंपडावे, वारा घालावा व विनाविलंब रुग्णालयात न्यावे. शुद्धीवर नसलेल्या व्यक्तीच्या तोंडात पाणी ओतू नये. राखीव पाण्याचा खरा उपयोग अशा प्रसंगी होतो. बोरसारख्या संरक्षित वनात पायी फिरण्यास वन विभागाची परवानगी आवश्यक असते आणि वन्य प्राण्यांसाठी राखलेल्या पाणवठ्यांतून पाणी घेणे वा तेथे पिशवी धुणे अयोग्य होय. नाल्याचे पाणी घेण्याची वेळ आल्यास ते गाळून व उकळून वा क्लोरिनाच्या गोळीने निर्जंतुक करूनच वापरावे. या उपायांनी रोगजंतू मरतात, परंतु शेतातून वाहत आलेली कीटकनाशके नाहीशी होत नाहीत. म्हणून कापसाच्या शेतांलगतचे पाणी पिण्यास घेऊ नये.

हीच सावधगिरी रोजच्या कामासाठी उन्हात चालणाऱ्यांच्या बाबतीत अधिक महत्त्वाची आहे. मोहफुले वेचण्यास, तेंदूपाने तोडण्यास वा शेतमजुरीस जाणारी माणसे हौसेखातर चालणाऱ्यांहून दीर्घकाळ उन्हात असतात. त्यांचे पाणी सामान्यतः प्लॅस्टिकच्या डबकीतून वा बाटलीतून नेले जाते. तीभोवती ओले गोणपाट गुंडाळण्याची रीत शास्त्रास धरून आहे. परंतु कीटकनाशकाचा रिकामा डबा कितीही धुतला, तरी पाण्यासाठी कधीही वापरू नये. महागड्या पिशवीच्या अभावी मजबूत बाटली, तीवरील ओले कापड, खांद्याला रुतणार नाही असा रुंद पट्टा व पहाटेची वेळ एवढ्या साधनांनीही तेच काम बव्हंशी साधते. पिशवी कोणतीही असली, तरी निघताना भरलेले पाणी व परतताना उरलेले पाणी यांची नोंद ठेवल्यास पुढील खेपेची गरज नेमकी कळते. परतल्यावर निदान अर्धा लिटर पाणी शिल्लक राहिले असेल, तर निवड व नियोजन दोन्ही योग्य होते असे समजावे.